अढळपदावरचा अस्वस्थ

कसाऱ्याला लोकल संपते आणि पुढे घाट लागतो. पावसाळा सरल्यावर इथल्या एखाद्या माळावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं, तर ध्रुवासाठी मान फार वर करावी लागत नाही. गाव साधारण साडेएकोणीस अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढेच अंश वर. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा. मध्ये डोंगर आला तर तोही नाही. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, तेव्हा शर्मिष्ठेवरून वाट काढायची.

सापडला की बहुतेकांचा हिरमोड होतो. इतकं नाव, आणि एवढासा? तेजाच्या यादीत तो पहिल्या विसांतही नाही. पण हा एवढासा दिसतो तो सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवरून. खरा तो पिवळा महाराक्षसी तारा. सूर्याच्या जागी ठेवला तर बुधाच्या कक्षेच्या निम्म्यापर्यंत पसरेल, आणि उजेड हजारपटीहून जास्त. पृष्ठभागाचं तापमान सहा हजार अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या जवळपास, म्हणून रंगही त्याच घराण्यातला. वस्तुमान मात्र सूर्याच्या पाचपट. एवढ्या अवाढव्य आकारात एवढंच द्रव्य पसरलं, तर सरासरी घनता आपल्या श्वासातल्या हवेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. अढळपणाचं दैवत असं विरळ आहे.

आणि ते सारखं हलतंय. दर चार दिवसांनी हा तारा किंचित फुगतो, किंचित आक्रसतो. त्याच्या बाहेरच्या थरातलं आयनीभूत हेलियम उष्णता अडवून धरतं, थर फुगतो. फुगून निवला की उष्णता सुटते आणि तो पुन्हा खाली बसतो. विसाव्या शतकात ही धडधड मंदावत गेली, थांबणार असंही वाटू लागलं. शतक संपता संपता ती पुन्हा वाढू लागली. का, याचं पटेलसं उत्तर अजून नाही.

लग्नात गुरुजी नवऱ्या-नवरीला ध्रुव दाखवतात. (हल्ली मुहूर्त दुपारचा, त्यामुळे बोट मांडवाच्या कापडाकडे.) बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराला मिळालेली ती जागा. पण जागेचं श्रेय ताऱ्याचं नाहीच; आपल्या पृथ्वीचा अक्ष सध्या तिकडे रोखलेला आहे, इतकंच. १६३६ साली शहाजीराजे माहुलीवर मोगलांच्या वेढ्यात होते, तेव्हा हाच तारा ध्रुवबिंदूपासून सुमारे अडीच अंश, म्हणजे ओळीने पाच पूर्णचंद्र मावतील इतका दूर फिरत होता. आज ते अंतर जेमतेम सव्वा चंद्राचं. २१००च्या सुमारास तो सर्वांत जवळ येईल आणि मग पुन्हा लांब जाऊ लागेल. इजिप्तमध्ये पिरॅमिड उठत होते तेव्हा या पदावर कालेयातला थुबान होता. बारा हजार वर्षांनी अभिजिताकडे बघत उत्तर ठरवतील.

मला स्वतःला ती चार दिवसांची धडधड जास्त मोलाची वाटते. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. हेन्रिएटा लेविट या हार्वर्ड वेधशाळेतल्या बाईंनी १९१२ साली दाखवून दिलं, की सेफीड जितका सावकाश स्पंदतो तितका तो मुळात तेजस्वी असतो. मूळ तेज कळलं, दिसणारं तेज मोजलं, की अंतर निघतं. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीत असाच एक तारा सापडला, आणि आकाशगंगेपलीकडेही दीर्घिका आहेत हे ठरलं.