पैसे कोण देतंय?

मे २०११ मध्ये अमेरिकेतले तरुण संशोधक ख्रिस्तोफर सोघोयन यांना एका जनसंपर्क कंपनीतून ईमेल आला. लोकांची खासगी माहिती इंटरनेट कंपन्या कशी गोळा करतात हा सोघोयन यांच्या अभ्यासाचा विषय. गुगलवर त्यांनी आधीही टीका केली होती, सरकारी यंत्रणेकडे तक्रारही केली होती. गुगलच्या ‘सोशल सर्कल’ या सोयीने लोकांच्या खासगी आयुष्यात घुसखोरी चालवली आहे, त्यावर तुम्ही लेख लिहा, असे ईमेलमध्ये म्हटले होते. मसुद्याला मदत आम्ही करू आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’सारख्या वृत्तपत्रात तो छापून यावा यासाठी खटपटही आम्हीच करू, असा प्रस्ताव होता. सोघोयन यांनी उलट विचारले, या कामाचे पैसे तुम्हाला कोण देतंय? अशिलाचे नाव सांगता येणार नाही, असे उत्तर आले. सोघोयन यांनी तो सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा इंटरनेटवर जाहीर केला.

जनसंपर्क कंपनी होती बर्सन-मार्स्टेलर. १९५३ साली स्थापन झालेली, जगभर शाखा असलेली. भोपाळच्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडने आपली बाजू सावरण्यासाठी जिची मदत घेतली तीच. कंपनीची दोन माणसे या कामावर होती आणि दोघेही पूर्वाश्रमीचे पत्रकार. त्यांनी ‘यूएसए टुडे’लाही हाच विषय सुचवला होता. त्या वृत्तपत्राने गुगलवरचे आरोप तपासले, त्यात फारसे तथ्य नाही असे दिसल्यावर बातमीचा रोखच फिरवला आणि कुजबुज मोहीम कशी चालते हेच छापले. काही दिवसांत ‘द डेली बीस्ट’मध्ये डॅन लायन्स यांनी पडद्यामागच्या अशिलाचे नाव फोडले. ते फेसबुक होते.

फेसबुकने नाकारले नाही. बदनामीची मोहीम आम्ही मागितली नव्हती, गुगल आमच्याकडची माहिती उचलते याकडे त्रयस्थांनी लक्ष वेधावे एवढीच इच्छा होती, असा खुलासा केला. बर्सन-मार्स्टेलरने कबूल केले की नाव लपवण्याच्या अटीवर हे काम घेणे आमच्याच धोरणाविरुद्ध होते, ते नाकारायला हवे होते. संबंधित दोघांना नोकरीवरून काढले मात्र नाही.

गुगल त्या वेळी धुतल्या तांदळासारखे होते, असे मुळीच नाही. २०१० मध्ये त्यांनी ‘बझ’ नावाची सेवा काढली आणि तुम्ही जीमेलवर कुणाशी जास्त पत्रव्यवहार करता ती नावे इतरांना दिसतील अशी व्यवस्था करून ठेवली. एखाद्या वकिलाचे अशील, पत्रकाराचे खबरे, घर सोडून आलेल्या बाईची माणसे यातून उघडी पडू शकत होती. त्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गुगलला २० वर्षे बाहेरच्या तपासनिसांकडून पाहणी करून घेण्याची अट घातली, ती मार्च २०११ मध्ये. म्हणजे सोघोयन यांना तो ईमेल येण्याच्या काही आठवडेच आधी. तेव्हा गुगलवर टीका करायला फेसबुकला खोटे बोलण्याची गरज नव्हती. स्वतःच्या नावाने पत्रक काढता आले असते, पत्रकार परिषद घेता आली असती.

तसे का केले नाही, यातच या प्रकरणातला दोष आहे असे मला वाटते. आपल्याकडे लग्न जुळत आले की कधी कधी मुलाच्या किंवा मुलीच्या घरी एक निनावी चिठ्ठी येते. तिच्यातला मजकूर कधी खोटा असतो, कधी खराही असतो. पण ती लिहिणाऱ्याचा त्यात काय डाव आहे, हे कळायची वाट त्याने बंद करून टाकलेली असते. वाचणाऱ्याला मजकूर मिळतो, तो जोखायचे साधन मिळत नाही. फेसबुकने लाखो वाचकांच्या बाबतीत नेमके हेच करायचे ठरवले होते. गुगलबद्दलचा इशारा एका निःपक्ष अभ्यासकाचा आहे असे समजून लोकांनी वाचायचा, आणि तो गुगलच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याने पैसे मोजून लिहून घेतला आहे हे त्यांना कळू द्यायचे नाही. ज्याची खासगी माहिती धोक्यात आहे असा कळवळा होता, त्याच माणसाला अंधारात ठेवायचे.

आणि हे कोणी करावे? फेसबुकवर प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावानेच वावरले पाहिजे, हा त्या कंपनीचा तेव्हाचा नियम. माणसाने दोन ओळखी बाळगणे म्हणजे सचोटीची उणीव, असे मत मार्क झुकरबर्ग यांनी मुलाखतीत मांडले होते. या नियमापायी कित्येकांची खाती बंद पडली. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ड्रॅग कलावंतांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे कंपनीने माफी मागितली. रंगमंचावरच्या नावाने जगणारी, घरच्यांच्या किंवा जुन्या जोडीदाराच्या भीतीने नाव बदलून राहणारी ही माणसे. त्यांना आडोसा हवा होता तो जीव आणि अब्रू वाचवण्यासाठी. त्यांना तो नाकारणाऱ्या कंपनीने स्वतःसाठी मात्र आडोसा विकत घेतला, तोही दुसऱ्यावर वार करण्यासाठी. वापरकर्त्यांना दिलेली वचने पाळली नाहीत म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये फेसबुकवरही फेडरल ट्रेड कमिशनने तडजोडीचा करार लादला. अट तीच, २० वर्षे पाहणी.

नाव लपवून सांगितलेले सत्य त्याज्यच, असे माझे म्हणणे नाही. सरकारी कार्यालयातला कारकून, कारखान्यातला कामगार किंवा बँकेतला कर्मचारी निनावी पत्र लिहितो, तेव्हा त्याच्या नोकरीवर आणि कधी जिवावरही बेतलेले असते. दुबळ्याने बलवानाविरुद्ध बोलताना घेतलेली ती सावधगिरी आहे आणि तिचे रक्षण कायद्याने केलेच पाहिजे. फेसबुकच्या आतली कागदपत्रे बाहेर आणणाऱ्या फ्रान्सिस हॉगेन सुरुवातीला पडद्याआड होत्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने जगासमोर आल्या. गमावण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते. अब्जावधी डॉलरच्या कंपनीला नाव सांगितल्याने काय गमवावे लागणार होते? फक्त वाचकाची भाबडी समजूत.

दुसरा एक युक्तिवाद मी अधिक गंभीरपणे घेतो. दोन बड्या कंपन्या भांडल्या की आपले भले होते, कारण एकीचे उणे दुसरी उघडे करते. यात तथ्य आहे. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनमध्ये अशी सोय केली की दुसऱ्या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल, तर अ‍ॅपने आधी तुम्हाला विचारले पाहिजे. फेसबुकने त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन याला विरोध केला, छोट्या उद्योजकांचे नाव पुढे करून. ती भूमिका मला पटली नाही, पण जाहिरातीखाली फेसबुकचे नाव होते आणि वाचकाला दोन्ही बाजू तोलता आल्या. या बदलाने २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असे कंपनीनेच पुढे गुंतवणूकदारांना सांगितले. फक्त आधी विचारायचे ठरले, तर एवढी रक्कम बुडते! न विचारता काय चालले होते याचे इतके स्पष्ट मोजमाप दुसरे मिळायचे नाही.

पण स्पर्धेतून मिळणारे हे संरक्षण धंद्याला परवडेल तेवढेच असते. खासगीपणाचा कैवार घेणारे अ‍ॅपल आपल्या सफारी ब्राउझरमध्ये शोधासाठी गुगलला पहिली जागा देते आणि त्याबद्दल एकट्या २०२२ मध्ये त्याला गुगलकडून २० अब्ज डॉलर मिळाले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून ‘स्क्रूगल्ड’ ही मोहीम उघडपणे चालवली. गुगल तुमचे ईमेल चाळून त्यांवर जाहिराती लावते, हा त्यातला आरोप खराच होता. मोहिमेमागे होते मार्क पेन, २०११ मधल्या त्या प्रकरणाच्या वेळी बर्सन-मार्स्टेलरचे प्रमुख असलेले. पुढे मार्च २०१४ मध्ये बाहेर आले की आपल्या सॉफ्टवेअरची गळती शोधण्यासाठी खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये एका ब्लॉगलेखकाचे हॉटमेल खाते न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडून वाचले होते. टीका झाली तेव्हा असे काम यापुढे पोलीस यंत्रणेकडे सोपवू, असे कंपनीने जाहीर केले. दुसऱ्याने तुमची पत्रे चाळली तर ते पाप आणि स्वतःवर वेळ आली तर ती गरज, हा हिशेब या व्यवसायात सर्रास मांडला जातो.

जिथे स्पर्धाच उरलेली नाही तिथे तेवढाही आधार नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांना नव्या अटी आल्या, मान्य करा नाहीतर सेवा सोडा. काही जण सिग्नलवर गेले आणि बहुतेक परत आले. सोसायटीच्या सूचना, शाळेचा ग्रुप, दुकानदाराची यादी, परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल, सगळे तिथेच असताना माणूस जाणार कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणी मेटाला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या पूर्वीच्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यावर पुढे अपिले झाली. आयोगाचे मूळ म्हणणे मला मोलाचे वाटते. पर्याय नसलेल्या माणसाकडून घेतलेली संमती ही संमती नव्हे, तो बळाचा गैरवापर आहे. खासगीपणा आणि मक्तेदारी हे दोन वेगळे विषय नाहीत, हे आपल्याकडच्या एका संस्थेने इतक्या स्वच्छपणे मांडले याचे मला समाधान आहे.

२०११ च्या नाचक्कीतून फेसबुक शिकले असेल असे कुणालाही वाटले असते. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले की डिफायनर्स नावाच्या कंपनीला फेसबुकने नेमले होते. टीकाकारांचा संबंध अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्या पैशाशी जोडावा असे ती कंपनी पत्रकारांना सुचवत होती, आणि तिच्याशी संलग्न संकेतस्थळावर गुगल आणि अ‍ॅपलविरुद्ध मजकूर छापला जात होता. दुसऱ्याच दिवशी करार तोडला गेला. मार्च २०२२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने आणखी एक प्रकरण बाहेर काढले. या वेळी लक्ष्य टिकटॉक होते आणि मेटाने पैसे दिले होते टार्गेटेड व्हिक्टरी या कंपनीला. तिने अमेरिकेतल्या प्रादेशिक वृत्तपत्रांत टिकटॉकविरोधी लेख आणि वाचकांची पत्रे छापून आणली. चिंतातुर पालकाचे पत्र म्हणून लोक जे वाचत होते, त्यामागे मेटाचा पैसा आहे याचा उल्लेख कुठेच नव्हता.

या तिन्हींत मला सर्वांत जास्त झोंबते ते वाचकांचे पत्र. वृत्तपत्रात जाहिरात विकत घेता येते, बातमीवर दडपण आणता येते, हे वाचक जाणतो. पण गावातल्या कुणा शिक्षकाने, कुणा निवृत्त पोस्टमास्तरने लिहिलेले चार ओळींचे पत्र तो आपल्या माणसाचे बोलणे म्हणून वाचतो. कंपनीने तो कोपराही पोखरला, तर एखादी खरी आई आपल्या मुलाबद्दलची खरी काळजी लिहील तेव्हा तिच्याकडेही लोक संशयाने पाहतील. तिचा आवाज कोणी दाबला असे दिसणार नाही, आणि तरी तो कुणाच्या कानी पोहोचणार नाही.

महाराष्ट्राला ही लबाडी नवी नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा, शब्दशः एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून झळकला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो प्रकार उजेडात आणला आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर देशभर चर्चा झाली; प्रेस कौन्सिलनेही या प्रश्नावर समिती नेमली होती. पुढे २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींना नियम घालून दिले. चेहऱ्याच्या क्रीमची भलामण पैसे घेऊन करत असाल तर तसे सांगा. देशाचे धोरण, माहितीचा कायदा, एखाद्या कंपनीची मक्तेदारी यांवर लेख लिहिणाऱ्याने हा मजकूर कुणाच्या मदतीने आणि कुणाच्या पैशाने लिहिला, हे सांगण्याचा रिवाज मात्र आपल्या संपादकीय पानांनी अजून पाडलेला नाही. पत्रलेखकाला फोन करून ‘हे तुम्हीच लिहिलंय ना?’ असे काही संपादक विचारतात. त्याच फोनवर ‘यासाठी तुम्हाला कोणी सांगितलं, कोणी पैसे दिले का?’ हेही विचारावे, आणि मिळालेले उत्तर लेखाखाली एका ओळीत छापावे. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायला नको; संपादकाने आज ठरवले तर उद्याच्या अंकापासून ती ओळ छापता येते.