दुसरा गाल

माझ्या गोपनीय अहवालात ओळीने तीन वर्षे ‘चांगला’ असा शेरा होता. ऐकणाऱ्याला वाटेल, मग रडायचे कशाला? पण पदोन्नतीला ‘खूप चांगला’ लागत होता, आणि हा शेरा मला कुणी दाखवलाच नव्हता. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेले सहकारी माझ्या डोक्यावरून वर गेले, तेव्हा कुठे नस्तीतून ही गोष्ट बाहेर पडली. जबलपूरच्या एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत मी तेव्हा बावीस मार्च-अखेरी काढल्या होत्या. २००९ सालची गोष्ट.

त्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या महिला सभेतल्या एका वयस्कर बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “बेटी, अपना क्रूस उठा ले. प्रभु सब देख रहा है.” बाई प्रेमाने बोलल्या होत्या. त्यांनी स्वतः आयुष्यभर असेच केले होते. मी मान हलवली आणि रिक्षात बसल्यावर मला जाणवले की कचेरीतल्या साहेबांनाही मी नेमके हेच करावे असे वाटत असणार. देव आणि साहेब एकाच मताचे कसे, हा प्रश्न मला घरी पोहोचेपर्यंत सोडेना.

आमचे घराणे मूळचे नगरचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. चर्चमध्ये सगळे हिंदीत, घरात मात्र आईचे मराठी पवित्र शास्त्र. त्यामुळे प्रत्येक वचन माझ्याकडे दोनदा येते, एकदा ‘यीशु’च्या तोंडून आणि एकदा ‘येशू’च्या. अर्थ तोच, पण मराठीत एक जास्तीचे ओझे चिकटून येते: सोशिक. हा शब्द पुरुषाला लावलेला मी फारसा ऐकला नाही. बाई सोशिक, बैल सोशिक. आमच्या घरांनी येशू स्वीकारला तेव्हा सोशिकपणाही जुन्या घरातून बोचक्यात बांधून आणला, आणि त्यावर क्रूसाचे चित्र चिकटवले, असे मला हल्ली वाटते.

कुणी एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर, हे डोंगरावरच्या प्रवचनातले वाक्य नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती बाईला जितक्या वेळा ऐकवले जाते तितके दुसरे कोणते ऐकवले जात नसेल. वॉल्टर विंक नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने त्याचा वेगळा अर्थ लावला आहे. मत्तयात ‘उजव्या’ गालाचा उल्लेख आहे. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजू लागते, म्हणजे तो मालकाने गुलामाला मारलेला तडाखा. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे ‘आता मारायचे तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसे मार’ असे सांगणे. हे मला कधी पटते, कधी फार चतुर वाटते. मला त्याची गरजही पडत नाही, कारण त्याच येशूच्या गालावर खरोखर थप्पड पडली तेव्हा त्याने काय केले हे योहानाने लिहून ठेवले आहे.

अटकेनंतर त्याला मुख्य याजकासमोर उभे केले आहे. चौकशी चालू आहे. एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो, मुख्य याजकाला असे उत्तर देतोस काय म्हणून. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. मी चुकीचे बोललो असेन तर काय चुकले ते सांग, बरोबर बोललो असेन तर मारलेस का, असे तो विचारतो. हात उचलत नाही, शिवी देत नाही, पण गप्पही बसत नाही. अठरावा अध्याय, मी तो लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आले. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा मला त्यात कचेरी दिसली. आरोप काय ते दाखवा, पुरावा दाखवा, नाहीतर शिक्षा कसली? कचेरीच्या भाषेत याला अभ्यावेदन म्हणतात.

आणि गंमत पाहा, पौलही असाच. फिलिप्पै गावात त्याला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप निघून जा. पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक, उघडपणे मारलेत आणि आता चोरून सोडता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी आले, विनवण्या करून गेले. त्याच गावात लुदिया राहत होती, थुवतीराची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तुरुंगातून सुटून पौल तिच्याच घरी गेला. स्वतःचा धंदा असलेल्या त्या बाईने हा सगळा प्रकार ऐकला असेल तेव्हा तिला काय वाटले, हे कुणी लिहिले नाही. मला मात्र तिच्या जागी बसून तो ऐकायला आवडते.

त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने मला एक कागद दिला. ती दर सोमवारी ग्वारीघाटावर नर्मदेला जाऊन मग कचेरीत येई. तिच्या पर्समध्ये कायम प्रसादाचे चिरोंजीदाणे असत. कागद होता सर्वोच्च न्यायालयाच्या देव दत्त खटल्याच्या निकालाचा, मे २००८ चा. सीमा रस्ते विभागातला एक अभियंता; त्याचाही शेरा ‘चांगला’ होता, त्यालाही कळवलेला नव्हता, त्याचीही पदोन्नती हुकली होती. न्यायालयाने म्हटले की प्रत्येक शेरा, मग तो वाईट असो वा बरा, त्या माणसाला कळवला पाहिजे आणि त्यावर बोलायची संधी दिली पाहिजे. माझ्या अर्जाचा पहिला मसुदाही तिनेच तपासला. म्हणजे माझ्या श्रद्धेने मला जे सुचवले ते करायचे कसे हे नर्मदामैयाच्या भक्तिणीने शिकवले. यात मला काही अवघड वाटत नाही. आमच्या पाळकांना थोडे वाटले.

लूकच्या अठराव्या अध्यायात एक विधवा आहे. न्यायाधीश असा की तो ना देवाला भितो ना माणसाला जुमानतो. ती रोज जाते, तेच मागते. शेवटी तो कंटाळून न्याय देतो, ही बाई माझे डोके खाईल म्हणून. ही गोष्ट प्रार्थनेवरच्या प्रवचनात सांगतात: देवाकडे असे मागत राहा. ठीक आहे, लूकने तसेच म्हटले आहे. पण येशूला उपमा सुचली ती खेटे घालणाऱ्या बाईची, गुडघे टेकून गप्प बसलेल्या बाईची नाही. मी अकरा महिने खेटे घातले. पाच स्मरणपत्रे. उत्तर आले तेव्हा दोन वर्षांचा शेरा सुधारला होता, एका वर्षाचा तसाच ठेवला होता. पदोन्नती मिळाली, मागची थकबाकी मिळाली नाही. त्या विधवेला पूर्ण मिळाले की अर्धे, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

प्रार्थनेने शेरा बदलला असे मी म्हणणार नाही. शेरा अर्जाने बदलला. प्रार्थनेने दुसरे एक काम केले, आणि तेही लहान नव्हते: त्या अकरा महिन्यांत साहेबांच्या शेऱ्याला मी माझी किंमत समजले नाही, आणि साहेबांचा द्वेष करण्यात रात्री घालवल्या नाहीत. स्तोत्रसंहिता उघडली की कितीतरी स्तोत्रे म्हणजे तक्रारीच. किती वेळ, कुठवर, तोंड का लपवतोस. आईने ती मला सांत्वनाची म्हणून शिकवली होती. ती मला अर्जांच्या संग्रहासारखी वाटू लागली.

आता माझ्या एकटीच्या गोष्टीवर कुणी एवढा डोलारा उभा करू नये. पण मराठी ख्रिस्ती बायकांचा इतिहास पाहिला तर ज्यांना नोकरी-व्यवसायात काही करायचे होते त्या सोसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पंडिता रमाबाईंचे घ्या. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकायला गेल्या होत्या, पण कानांनी दगा दिला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्या आश्रयाने शिकणे आणि संस्कृत शिकवणे सुरू झाले. तिथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी गोष्ट निघताच भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली: असे केले तर मायदेशी या बाईचे वजन राहणार नाही. नवी ख्रिस्ती, परक्या देशात, पदरात लहान मुलगी, खर्च दुसऱ्यांच्या मदतीवर. अशा बाईने गप्प राहायला काय हरकत होती? रमाबाईंनी उलट विचारले की माझ्या वडिलांनी आईला, नवऱ्याने मला पुरुषांना शिकवण्यास कधी मना केले नाही, मग इंग्रजांना कसली अडचण? आणि हेही कळवले की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने फेकले आहे, आता त्याच जातीचे दुसरे जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आध्यात्मिक आईच्या जागी होत्या त्यांच्याशीही हा पत्रव्यवहार असाच धारदार चालला. नंतर हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात आमच्या मध्य प्रांतात उतरली आणि उपाशी, बेवारस मुलींना गोळा करून घेऊन गेली. या दोन रमाबाई वेगळ्या आहेत असे मानणारे लोक भेटतात. एक भांडखोर, एक करुणामयी. मला त्या एकच वाटतात; बिशपांसमोर दबली असती तर दुष्काळात एवढ्या मुलींची जबाबदारी अंगावर घेण्याचे धाडस तिच्यात उरले नसते.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट अधिक कोरडी आहे. पारशी ख्रिस्ती घर, पुण्याचे डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाची पदवी. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून हुकली. ऑक्सफर्डमध्ये कायद्याची बी.सी.एल. परीक्षा १८९२ मध्ये खास परवानगीने दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षे! मधल्या काळात पडद्यातल्या विधवा जमीनदारणींची कामे त्या करत राहिल्या, पण वकील म्हणून उभे राहण्याची सनद नाही. राजकारणात त्या साम्राज्याच्या बाजूने होत्या आणि तिथे मला त्यांचे पटत नाही. पण आज आमच्या उच्च न्यायालयाच्या आवारात काळे कोट घालून धावणाऱ्या मुली पाहते तेव्हा त्या तीस वर्षांची आठवण होतेच.

ख्रिस्ती असण्याचे आमच्याकडे एक वेगळे ओझे आहे, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन कळायचे नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात आम्ही ०.२९ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख १३ हजार. धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६८ पासून आहे. २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. इथली ख्रिस्ती परिचारिका रोग्याला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते’ म्हणण्याआधी दोनदा विचार करते. टेबलाच्या काचेखाली मी वचनाचे कार्ड ठेवले होते ते एका नव्या साहेबांच्या काळात पर्समध्ये गेले. कुणी सांगितले नव्हते. अशा बाईवर अन्याय झाला तर ती जास्तच गप्प बसते, कारण तक्रार केली की चर्चा तिच्या कामावरून तिच्या धर्मावर जाते. सोशिकपणाला आम्ही विश्वास म्हणतो त्यातला बराचसा भाग ही भीती आहे. ती भीती आहे हे कबूल केले तर निदान विश्वासाची बदनामी होणार नाही.

आणि चर्च हीसुद्धा नोकरीचीच जागा आहे, हे आम्ही विसरतो. मिशनच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने. शिक्षिका, मेट्रन, नर्स, लिपिक, सगळीकडे बायका. पूर्वी मिशन ज्यांना ‘बायबल बाई’ म्हणे त्या गावोगाव पायी फिरत आणि त्यांच्या कामाला ‘सेवा’ हा शब्द लावला की पगाराचा विषय संपे. तो शब्द अजून वापरात आहे. पगारवाढ मागणाऱ्या शिक्षिकेला ‘हे तर सेवेचे काम’ म्हणणारे व्यवस्थापन मी पाहिले आहे. कुठले, ते सोडा. अधिकाराच्या पदांचेही तसेच. दक्षिण भारतीय चर्चला पहिली स्त्री बिशप मिळायला २०१३ उजाडले, नंद्यालच्या पुष्पा ललिता. वरच्या खुर्च्यांवर पुरुष आणि खाली हिशेब लिहिणाऱ्या बायका, हे चित्र मला कचेरीतून चर्चमध्ये गेल्यावर नवे वाटले नाही.

जुन्या करारात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या होत्या, सगळ्या मंडळीच्या देखत: बापाला मुलगा नाही म्हणून आमचा वाटा का बुडावा? मोशेने त्यांना सोशिकपणा शिकवला नाही, प्रकरण देवापुढे नेले. देवाने निकाल दिला की मुली बरोबर बोलतात. त्यांनी मागितले होते मंडपाच्या दारात, सगळ्यांसमोर. हा उतारा महिला सभेत वाचलेला मी अजून ऐकलेला नाही.

म्हणून एक विनंती, विशेषतः ज्यांच्या हातात ख्रिस्ती संस्थांचा कारभार आहे त्यांना आणि तिथे काम करणाऱ्या बहिणींना. सोशिकपणा सर्वांत महाग पडतो तो छळ सोसताना. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शाळेला, दवाखान्याला आणि मिशनच्या कचेरीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा हवा, आणि समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेला हवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. येत्या सोमवारी कामावर जाल तेव्हा आपल्या संस्थेच्या फलकावर तो कागद शोधा. नसेल तर विचारा, तो कुठे आहे म्हणून.