झाडाला विचारलं कुणी?

शेल सिल्व्हरस्टाइनचं ‘द गिव्हिंग ट्री’ १९६४ साली अमेरिकेत निघालं. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा, आणि गोष्ट दहा मिनिटांत संपणारी. मुलगा झाडावर खेळतो. मोठा झाल्यावर विकायला सफरचंदं नेतो, मग घरासाठी फांद्या, होडीसाठी खोड. शेवटी उरलेल्या खुंटावर तो म्हातारा होऊन टेकतो. ‘मला दे’ तो वारंवार म्हणतो, ‘तुला काय हवं?’ एकदाही नाही.

कुणाला यात देवाची माया दिसली, कुणाला आईची. कुणी पुस्तकावर वैतागलं, कारण इंग्रजीत ते झाड ‘ती’ आहे. मराठीत गंमतच होते. झाड म्हटलं की ‘ते’, आंबा केला तर ‘तो’, चिंच केली तर पुन्हा ‘ती’! त्याग कुणाच्या वाट्याला घालायचा, हे सांगणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

मुळशीच्या डोंगरांत झाडाशी वागायची वेगळी रीत होती. ताम्हिणी घाटाच्या वाटेवर विंझाई देवीचं ठाणं आहे. सह्याद्रीतल्या अशा कितीतरी देवतांभोवती देवराया राखल्या गेल्या. आत पाऊल टाकलं की पायाखाली पाचोळ्याची गादी लागते. वठून पडलेला ओंडका जागीच कुजतो, त्याच्यावर अळंबी उगवते. सरपणाला तो कुणी उचलत नाही. काही गावांत हिरडा वेचायची मुभा असते, पण कुऱ्हाड लावायची तर देवाला कौल लावायचा. मूर्तीला चिकटवलेली कळी डावीकडची पडली की माणसं परत फिरतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा त्यांच्या आसऱ्याने टिकलेली दुर्मीळ झाडं आणि झरे नोंदले गेले. भीतीपोटी राखलेलं रान, असं याला हिणवता येईल. पण मागणारा हात आणि झाड यांच्यामध्ये इथे कुणीतरी उभं होतं. सिल्व्हरस्टाइनच्या झाडापाशी तसं कुणीच नाही.

आपल्या परंपरेतही देणं सरसकट थोर मानलेलं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायानुसार सात्त्विक दानाला परतफेडीची आशा नसावी, तसाच देश, काळ आणि पात्र यांचा विचारही हवा. दधीचींनी वज्रासाठी हाडं दिली, पण देवांनी ती मागितली होती, आणि समोर वृत्रासुराचं संकट होतं. होडीची हौस नव्हती.

याच मुळशीत १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, सत्याग्रह उभा राहिला. टाटांच्या धरणाखाली सुमारे पन्नास गावं जाणार होती, मुंबईला वीज मिळावी म्हणून. ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे उभे राहिले. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. देशाच्या भल्यासाठी थोडा त्याग करा, हा सल्ला मावळ्यांनाही ऐकावा लागला. हा त्याग मुंबईच्या गिरण्यांच्या धंद्यासाठी आहे की देशासाठी, हा हिशेब त्यांनी त्यांच्या परीने मांडला होता.

भातखाचरं कसणारी कुळं ‘नाही’ म्हणत राहिली. जमिनीचे बरेच कागद मात्र पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होते. भरपाईचा आकडा पटल्यावर त्यांची तडजोडीला तयारी झाली, आणि कसणाऱ्यांचा नकार एकटा पडला. १९२७ साली मुळा नदीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागलं. खाचरं तोवर पाण्याखाली गेली होती.