पालकांची सही

कॅथलिक प्राथमिक शाळेतून दर आठवड्याला मुलांच्या दप्तरातून जे सूचनापत्रक घरी येते, त्याकडे विचारवंतांनी लक्ष द्यावे असे त्यात काही असेल, ही कल्पना सहसा कोणाला शिवत नाही. तथापि धर्मविचारातील एक फार जुना आणि अद्याप पुरता न मिटलेला वाद त्या कागदाच्या तळाशी दर आठवड्याला नव्याने उपस्थित होत असतो, असे माझे मत आहे. फी भरण्याची मुदत, चाचणी परीक्षेचा अभ्यासक्रम, नखे कापून व बूट पुसून येण्याची ताकीद, पहिल्या शुक्रवारची मिस्सा, राखेच्या बुधवारी शाळा लवकर सुटणार असल्याची वर्दी, उपवासकाळात गरिबांसाठी जमवावयाची वर्गणी आणि पालकसभेची तारीख, हा सारा मजकूर एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत छापलेला असतो. आणि सर्वांत खाली एक रेघ ओढून तिच्यापाशी 'पालकांची सही' एवढेच शब्द असतात.

उपासनेची वेळ आणि नखांची ताकीद एका पंक्तीला बसलेली पाहून काही श्रद्धाळू मनांना ते खटकते. मला ते खटकत नाही. ज्या धर्माच्या संस्थापकाने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे नाझरेथच्या एका सुताराच्या घरी, गावातल्या चार मुलांसारखी काढली, त्या धर्माला घरगुती बारीकसारीक गोष्टींचा विटाळ मानण्याचे काही कारण नाही. माझे लक्ष वेधले जाते ते त्या तळाच्या रेघेकडे. शाळा ही सही मागते ती कोणत्या अधिकाराने, आणि देणारा ती देतो तो कोणत्या हक्काने? मूल अखेर कोणाचे: घराचे, धर्मसंस्थेचे, की राज्याचे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात हा प्रश्न अत्यंत बिकट रूपात हाताळला आहे. ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना, त्या आईबापांच्या इच्छेविरुद्ध, केवळ त्या मुलांच्या आत्म्याच्या कल्याणासाठी बाप्तिस्मा द्यावा काय, असा तो प्रश्न. आणि बाप्तिस्म्यावाचून तारण नाही अशी दृढ समजूत असलेल्या त्या काळातही त्यांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले. मूल जन्मापूर्वी मातेच्या देहात असते, आणि जन्मल्यानंतर, स्वतःच्या बुद्धीने चालू लागेपर्यंत, आईबापांच्या काळजीत जणू दुसऱ्या एका गर्भातच वाढत असते. सबब ते तेथून हिरावून घेणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मुलाचे परमकल्याण आपल्याला ठाऊक आहे अशी निःशंक खात्री असतानाही आईबापांच्या दाराशी थांबावे, हा संयम मला धर्मशास्त्रातील एक मोठी गोष्ट वाटते.

हा संयम पाळला गेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजसत्तेने गोव्यातील अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढविण्यासाठी जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजाच्या हवाली करण्याचा कायदा केला. आणि १८५८ मध्ये बोलोन्या येथे एडगार्डो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला, मोलकरणीने आजारपणात गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्या कारणावरून, पोपच्या शिपायांनी आईबापांपासून कायमचे तोडले. मुंबईतील तुर्भे, माहुल, चेंबूर हा मुलूखही चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत, त्याच पोर्तुगीज अमलाखाली होता. तेव्हा हा इतिहास येथल्या वाचकाला परका नाही.

विसाव्या शतकात मात्र चर्चने अक्विनासांचा धागा पुन्हा घट्ट धरला. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द ठरविली. मूल हे राज्याची निर्मिती नव्हे, या त्या न्यायालयाच्या भूमिकेचा आधार पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या आपल्या शिक्षणविषयक परिपत्रकात घेतला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक होत असे जाहीर केले, आणि त्याच घोषणापत्रात, ज्या कॅथलिक शाळांतून अन्यधर्मीय मुलेही शिकतात त्या शाळा चर्चला विशेष प्रिय आहेत, असे म्हटले. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावे, त्यांचे ऐकून घ्यावे, असे कलमच घातले. या सर्वांचा अर्थ एकच निघतो: मुलाच्या शिक्षणाच्या कामी घर हे मूळ हक्कदार आणि शाळा ही त्याची मुखत्यार. मुखत्याराने वेळोवेळी हकीगत कळवावयाची असते. हुकूम सोडावयाचे नसतात. त्या दृष्टीने पाहिले म्हणजे आठवड्याचे ते सूचनापत्रक हे या सिद्धान्ताचे आचरणच ठरते, आणि म्हणून ते कसे लिहिले जाते याला धार्मिक महत्त्व येते.

माहुलसारख्या ठिकाणी हे महत्त्व शतपट वाढते. खाडीकाठचे हे कोळी-आगरी गाव. १९५० नंतरच्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पाठोपाठ रसायनांच्या टाक्या आल्या, आणि येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मान्य केले. असे असतानाही २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची हजारो कुटुंबे याच ठिकाणी आणून वसविण्यात आली. तेथे राहण्यास नकार देणाऱ्यांना अन्यत्र घर द्यावे, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले. या घरांत जे जे सरकारी कागद आले ते सगळे निर्णय होऊन गेल्यानंतर आले. तुमचे मत काय, असे विचारणारा कागद त्यांच्या हाती क्वचितच पडला असेल. अशा घरातले मूल जेव्हा चेंबूरच्या एखाद्या कॉन्व्हेंट शाळेचे पत्रक घेऊन येते, तेव्हा त्या पत्रकावर फार मोठी जबाबदारी येऊन पडते.

अशा एका घरी मी काही वेळ बसलो होतो. आई चार घरची पोळी-भाजी उरकून नुकतीच आली होती. तिसरीतल्या मुलीने डायरी पुढे केली. पत्रक इंग्रजीत होते. "वाच गं काय लिहिलंय ते," आई म्हणाली. मुलीने बोट फिरवीत, तिला कळले तेवढे सांगितले: उद्या रंगीत कागद आणि गोंद न्यायचा आहे, आणि बुधवारी डबा नको. मधल्या दोन ओळी तिने गाळल्या. त्यांत कॅथलिक मुलांची मिस्सा केव्हा, ज्यांना हजर राहावयाचे नसेल त्यांच्या पालकांनी तसे कसे कळवावे, आणि त्यांचा नीतिशिक्षणाचा तास कोठे, हे लिहिले होते. आईने पेन घेतले आणि शिरोरेघ ओढून, सुवाच्य मराठीत, आपले पूर्ण नाव लिहिले. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. मराठी वर्तमानपत्र ती अडखळल्यावाचून वाचते.

ती सही कशाची झाली? आपल्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने, शासनमान्य वा अनुदानित शाळेतील अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहावयास लावू नये, असे बंधन घातले आहे. ते बंधन कागदोपत्री पाळले गेले, यात शंका नाही. पण अक्विनासांनी ज्या दाराशी थांबावयास सांगितले त्या दाराशी येथे कोणी थांबले, असे मला म्हणवत नाही. संमती देणाऱ्याला मजकूर कळलाच नसेल, तर त्याची सही ही हजेरीपटावरील खुणेहून अधिक काही ठरत नाही. शाळेचा हेतू शुद्ध होता. शुद्ध हेतूनेच ही गल्लत सहज घडते.

यावर शाळांचे म्हणणे असे की, पालक स्वतःच इंग्रजीसाठी मुले आमच्याकडे घालतात. खरे आहे; पण इंग्रजी त्यांना हवी असते ती मुलासाठी, आणि पत्रक लिहिलेले असते आईबापांना. शिवाय लोकांच्या भाषेत बोलणे ही या भूमीतील कॅथलिक परंपरेची मिरविण्यासारखी गोष्ट आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत धर्मकथा ऐकता यावी म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले, आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला, हे खरे. परंतु त्या दोन वाटांपैकी कोणती आपली, हे ठरविण्यास आजच्या मुख्याध्यापिकेला कोणाची आज्ञा लागत नाही. परदेशी माणसाने एवढी खटपट केली, तेथे आठवड्याच्या दहा-बारा ओळी मराठीत व हिंदीत उतरविणे हे काही अवघड काम नव्हे.

वर्गात मुले पुष्कळ असतात, शिक्षिकांच्या माथ्यावर तपासणीचे व तक्त्यांचे ओझे असते, हे मी जाणतो. म्हणून माझी मागणी माफक आहे. फी आणि रंगीत कागद यांच्या सूचना हव्या तर जशा आहेत तशा राहू द्याव्यात. मुलाच्या श्रद्धेला स्पर्श करणाऱ्या ओळी मात्र घरच्या भाषेत, वेगळ्या काढून, 'होय' आणि 'नाही' या दोहोंना सारखी जागा ठेवून लिहाव्यात, आणि 'नाही' म्हणणाऱ्या घरातील मुलाला त्या वेळी कोणत्या खोलीत, कोणत्या बाईंपाशी बसविले जाईल, हेही त्याच कागदावर नमूद असावे.