९१२ म्हणजे कोण?

लिचेसवर नवं खातं उघडलं की एकही चाल खेळण्याआधी तुमच्या नावापुढे आकडा येतो : १५००, आणि त्याला चिकटून एक प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचा अर्थ सरळ आहे. तुम्ही कोण ते यंत्राला माहीत नाही, म्हणून ते तुम्हाला मधोमध बसवतं. मग दहा-पंधरा डाव होतात. तुम्ही वजीर फुकट घालवता, जिंकत आलेला डाव स्टेलमेट करून अर्ध्यावर सोडता, आणि आकडा धाडधाड खाली येतो. पंधराशेचे बाराशे, बाराशेचे हजार. थोड्या दिवसांनी प्रश्नचिन्ह निघून जातं. आता यंत्राला तुम्ही माहीत झालेले असता.

पण नेमकं काय माहीत झालेलं असतं?

माझा चुलतभाऊ आखाडा बाळापूरला असतो. हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव, तालुका कळमनुरी. पहाटे पळायला जातो, दिवसभर भरतीचा अभ्यास, आणि रात्री मोबाइलवर बुद्धिबळ. शिकवणारं कोणी नाही. लॉकडाऊनच्या काळात यूट्यूबवर हिंदीत बुद्धिबळाची लाट आली होती, त्यात चाली शिकला आणि पुढचं स्वतःच स्वतः. मध्यंतरी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला : ‘दादा, आठ महिने झाले खेळायलो. ९१२ च्या वर जाईना. खरं सांग, मी ढ आहे का?’

‘खरं सांग’ म्हटल्यावर अडचण होते. ‘नाही रे, तू हुशार आहेस’ हे उत्तर अर्ध्या मिनिटात देता येतं, पण त्याला आधार काय? आणि ‘हो’ म्हणायला तरी आधार काय? ९१२ या आकड्यावरून माणसाबद्दल किती बोलणं न्याय्य आहे, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सोडत नाही. मी दिवसभर आकड्यांवरच काम करतो, त्यामुळे कदाचित जरा जास्तच.

रेटिंगची ही पद्धत आर्पाड एलो नावाच्या माणसाची. जन्म हंगेरीतला, आयुष्य अमेरिकेत गेलं, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचा, स्वतः चांगला खेळायचा. अमेरिकेच्या संघटनेनं त्याची पद्धत १९६० मध्ये घेतली, फिडेनं १९७० मध्ये. हिशेब फार अवघड नाही. दोघांचे आकडे सारखे असतील तर दोघांकडून अर्धा-अर्धा गुण अपेक्षित. दोनशेचा फरक असेल तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण घ्यावेत, चारशेचा असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा जास्त कमावलंत तर आकडा चढतो, कमी कमावलंत तर उतरतो. ॲप्सवर आता याच पद्धतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या चालतात, पण गाभा तोच.

आता नीट पाहा. या सगळ्या हिशेबात फक्त फरक आहे. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये पाचशे मिळवले तरी एकाही डावाचं भाकीत बदलणार नाही. किलो, सेंटिमीटर, तापमान यांच्यासारखा हा आकडा नाही. माझी उंची मोजायला मी एकटा पुरतो. माझं रेटिंग काढायला दुसरा माणूस लागतो, त्याचं काढायला तिसरा. ‘माझं रेटिंग’ असं आपण म्हणतो खरं, पण ‘माझा धाकटेपणा’ म्हणण्यासारखंच आहे ते. थोरला कोणीतरी असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. स्वतः एलोनंही या मोजणीची फार शेखी मिरवली नाही. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यानं हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीनं मोजण्यासारखं हे काम आहे, अशा अर्थाचं तो म्हणाला होता.

याचा धडधडीत पुरावा १ मार्च २०२४ ला मिळाला. फिडेच्या यादीत खालच्या पट्ट्यातले आकडे फार घसरले होते, म्हणून त्यांनी एकदाच सगळे वर उचलले. २००० च्या खालच्या प्रत्येक खेळाडूला, २००० ला जितके कमी पडत होते त्याच्या चाळीस टक्के गुण. म्हणजे आदल्या रात्री १००० वर झोपलेला पोरगा सकाळी १४०० चा झाला. १५०० चा १७०० झाला. एकही प्यादं न हलवता. त्या रात्रीत कोणी शहाणं झालं का? आणि किमान रेटिंगच १४०० केल्यामुळे त्याखालच्या नवोदिताला फिडेच्या लेखी आकडाच नाही. भाऊ त्यांच्या दृष्टीनं ९१२ सुद्धा नाही.

मग हा आकडा आहे कशाला? यात्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना उत्तर माहीत आहे. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, बारकी पोरं. मग नारळ, मग शंभर-दोनशे, असं करत मोठ्या इनामापर्यंत. प्रत्येक वेळी फडावरचे जाणते लोक दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड बघतात, मान बघतात आणि जोड लावतात. जोड चुकली तर बघणाऱ्यांना मजा नाही आणि पोराची हाडं मोडतात. रेटिंग हे काम करतं. ते जोड लावतं. रात्री साडेअकराला बाळापुरातल्या पोरासाठी मनिलातलं किंवा लिमातलं एखादं त्याच्याच ताकदीचं पोर तीन सेकंदांत शोधून समोर उभं करतं. जाणत्यांच्या नजरेचं काम गणितानं केलं, एवढंच. रेवड्यांच्या जोडीत उभ्या केलेल्या पोराला कोणी ‘तू ढ’ म्हणत नाही. त्याची जोड तिथं आहे, इतकंच.

आणि जोड नीट लागली की एक विचित्र गोष्ट होते, जी स्वतःच शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही. तुम्ही कितीही सुधारलात तरी निम्मे डाव हरताच. ९०० वर निम्मे, १४०० वर निम्मे, १९०० वरही निम्मेच. सुधारलात की समोरचा बदलतो, तुमचं हरणं तेवढंच राहतं. रोज रात्री दहा डाव खेळणारा रोज पाचदा हरतो. वर्षाला अठराशे वेळा. इतक्या वेळा हरल्यावर कोणालाही आपण ढ वाटू लागू. ते वाटणं तुमच्या डोक्याबद्दल काही सांगत नाही, जोड नीट लागली आहे एवढंच सांगतं.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं उत्तर मिळालं. पण ते पुरं नाही, कारण फरक खोटा नसतो. ९१२ वाला १५०० वाल्याशी शंभर डाव खेळला तर त्याच्या वाट्याला जेमतेम तीन-चार गुण येतील. हा फरक समोरच्याला पुढच्या दोन चाली दिसतात आणि याला दिसत नाहीत, याचा आहे. आकड्याला अर्थच नाही असं म्हणणं ही भावाची फसवणूक झाली असती. प्रश्न इतकाच की ‘मी यांच्याशी हरतो’ या वाक्यापासून ‘मी ढ आहे’ या वाक्यापर्यंत जाणारा रस्ता खरंच आहे का.

मला तो दिसत नाही, कारण मध्ये फार काही पडलेलं आहे. नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिनं महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयातूनच ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिची बुद्धी आणि जिगर वादातीत आहे. पण ती पाचव्या वर्षी शिकू लागली, शहरात, प्रशिक्षकांकडे. माझा भाऊ तेविसाव्या वर्षी, अभ्यासिकेतून आल्यावर. दोघांच्या आकड्यांतल्या फरकात बुद्धी किती, वर्षं किती, शिकवणारे किती, स्पर्धेला जायला लागणारं रेल्वेचं तिकीट किती, हे आकडा वेगळं करून देत नाही. देऊ शकत नाही.

यावर लोक मीर सुलतान खानचं नाव काढतात. पंजाबातला माणूस, देशी नियमांवर वाढलेला, जिथं प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं नसतात. आंतरराष्ट्रीय नियम उशिरा शिकला आणि १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला, पुढे ३२ आणि ३३ मध्येही. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, मरणानंतर कित्येक दशकांनी. प्रतिभा असली की काही लागत नाही, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ती उलटी वाटते. त्याला लहानपणी वडिलांनी शिकवलं, सर उमर हयात खानानं आश्रय दिला, तगडे खेळाडू समोर बसवले. निव्वळ स्वयंशिक्षित असा माणूस मला तरी कुठे सापडलेला नाही. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, ते पटावरच्या निवडक स्थितींचं पुस्तक आहे आणि शिकणाऱ्याची सुधारणा व्हावी हा हेतू त्याच्या लांबलचक नावातच सांगितला आहे. आज आपण फोनवर जी कोडी सोडवतो त्याचंच जुनं रूप. एकट्यानं शिकणाराही दुसऱ्या कोणीतरी मांडून ठेवलेल्या पटावरच शिकतो.

खरा गुंता मला वाटतं आकड्यात नाहीच, आकडा वाचायच्या सवयीत आहे. भाऊ दुसरीकडे कुठले आकडे बघतो? भरतीचे. मैदानी गुण, लेखी गुण, मेरिट. तिथं जागा ठरलेल्या आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. तोही आकडा सापेक्षच, कटऑफ दरवर्षी वेगळा, पण त्याचं काम नेमकं उलटं आहे. तो जोड लावत नाही, बाहेर काढतो. एका गुणानं गेलास तर गेलास, पुढची जाहिरात कधी येईल ते बघ. दिवसभर तो आकडा वाचणारं पोरगं रात्री ९१२ सुद्धा त्याच डोळ्यांनी वाचतं. आम्ही इंजिनिअरिंगवाले काही वेगळे नाही. सीईटीचं पर्सेंटाइल, मग सीजीपीए, मग ऑफिसातलं वार्षिक रेटिंग, जिथं टीममधल्या कोणाला तरी खालच्या खणात बसवावंच लागतं. आम्हाला आकडा दिसला की निकाल लागला असंच वाटतं.

आता आकडा वाढवायचा कसा, हे तर त्यानं विचारलंच होतं. मी त्याचे वीसेक डाव पाहिले. पांढऱ्यानं खेळताना तो दर वेळी वजीर आणि उंट घेऊन चार चालींत मात करायला धावत होता. लागली तर लागली, नाही तर वजीर मध्येच अडकायचा. हे अनैतिक आहे का? अजिबात नाही, पटावर सगळं उघड आहे, समोरच्यानं बघावं. शिवाय याची शिक्षा आकडाच देतो. या युक्तीनं जितकं वर जाता येतं तितकं गेल्यावर तिचा तोडगा माहीत असलेलीच माणसं समोर येतात, आणि तुम्ही तिथंच अडकता. ९१२ वर. मी त्याला म्हटलं, तीन-तीन मिनिटांचे डाव बंद कर, पंधरा मिनिटांचे दोनच खेळ. प्रत्येक चालीआधी समोरच्याची कुठली सोंगटी माझ्या कशावर रोखली आहे, एवढंच बघ. आणि हरलेला डाव इंजिनाला दाखवायच्या आधी स्वतः शोध, कुठे गेला ते.

इंजिनावरून एक गोष्ट मात्र निराळी. डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत इंजिन उघडून त्याच्या चाली खेळणारे आहेत, ९०० च्या पट्ट्यातही आहेत. याला आपण चोरी म्हणतो, गुणांची चोरी. पण सापडलेल्या लबाडाशी हरलेल्यांना ॲप्स गेलेले गुण परत देतात, मग चोरीला काय गेलं? मला वाटतं उत्तर वर आलंच आहे. रेटिंग जर दोघांतलं नातं असेल, तर मी समोरच्याची मोजपट्टी आहे आणि तो माझी. मी लबाडी केली की एका अनोळखी पोराला त्याच्या स्वतःबद्दल खोटं सांगितलं जातं. तो रात्री फोन ठेवताना ‘मी ढ आहे का’ असं विचारत असेल, तर त्याला खोटं उत्तर मी दिलेलं असतं. गुण परत येतात, ती रात्र येत नाही. मुद्दाम हरून आकडा खाली ठेवणारे, मग कच्च्या पोरांना बडवणारे, तेही याच खात्यात.

तर त्याला काय सांगायचं? मी लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. जोड, निम्मं हरणं, एका रात्रीत चौदाशे झालेलं पोर, सगळं. त्यानं ऐकलं आणि लिहिलं, ‘म्हंजे ढ नाही म्हण की सरळ.’ मी लिहिलं, तेही म्हणत नाही. ९१२ वरून दोन्ही ठरत नाही. थोड्या वेळानं त्याचं आलं, ‘मग कशावरून ठरतंय?’

यावर माझ्याकडे काही नव्हतं आणि अजून नाही. आकडा दिसणार नाही अशी सोय ॲपच्या सेटिंगमध्ये आहे, ती वापरून बघ म्हटलं. दोन दिवस वापरली आणि पुन्हा चालू केली. आकडा दिसत नसेल तर मजा येत नाही म्हणे, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. रेवड्यांच्या कुस्तीतल्या पोरालाही रेवड्या हव्याच असतात.

संथ डाव खेळायला लागल्यापासून दोन महिन्यांत तो १०४० वर आहे. भरतीची यादी अजून लागायची आहे.