फस्त

समुद्री बुरशींवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘सब्स्ट्रेट’ला अडले. पारिभाषिक ‘अधःस्तर’ माहीत होता. मी ‘आधार’ लिहिलं. कोरोलोस्पोरा मारिटिमा वाळूच्या कणांना धरून वाढते, तिचे बीजाणू लाटांच्या फेसात सापडतात. इतर जाती वाहत आलेल्या ओंडक्यांत, खारफुटीच्या मुळांत, धक्क्याच्या लाकडी खांबांत शिरतात. काही प्लास्टिकवरही. फांदी आणि पिशवी, दोन्हींना ‘आधार’ म्हणायला हात धजेना. पण बुरशीच्या लेखी हा भेद नाहीच, तो आपला.

एवढ्यावर भागलं असतं. पण उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या कचऱ्यावर सापडलेल्या पॅरेंजिओडोन्टियम आल्बमबद्दल मी लिहून गेले, ‘ती प्लास्टिक फस्त करते.’ खर्डा वाचून बहीण म्हणाली, ‘‘म्हणजे सुटलो की गं आपण!’’

मुळात सुटका नव्हती. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही बुरशी दिवसाला सुमारे ०.०५ टक्के पॉलिइथिलीनचं विघटन करते, तेही अतिनील किरणांनी ते आधी जर्जर केल्यावर. त्यातला बहुतेक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. ऊन लागण्याआधीच तळाशी गेलेलं प्लास्टिक तिच्या आवाक्याबाहेर. हे सगळं मी एका चटपटीत क्रियापदात दडवलं होतं. चुकून, असं म्हणता येईल. पण सुटल्यासारखं आधी मलाच वाटलं होतं.

‘फस्त करते’ खोडून ‘हळूहळू विघटन करते’ केलं. बहिणीला पुन्हा वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘‘आधीचं छान होतं गं.’’