विहिरीत विष कुणी कालवलं?

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी. तोक्यो-योकोहामा पट्ट्यात घरोघरी चुली पेटलेल्या असतानाच ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसं गेली. त्यांतली बहुतेक आगीनं गेली. त्याच संध्याकाळपासून एक बातमी गल्लोगल्ली फिरू लागली : या आगी कोरियन लोक लावताहेत आणि विहिरींत विषही तेच कालवताहेत.

अडाणी माणसं अफवांवर विश्वास ठेवतात, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तेव्हाचा जपान चांगला शिकलेला देश होता. बहुतेक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या होत्या आणि रेडिओ प्रसारण सुरू व्हायला अजून दीड वर्ष होतं, हे खरं. पण त्यामुळे लोक बातमीला भुकेले का होते एवढंच कळतं. नेमकं कोरियनांवरच बोट का गेलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मागं जावं लागतं. जपाननं १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला आणि १९१९ मधलं तिथलं स्वातंत्र्य आंदोलन रक्त सांडून चिरडलं. ज्यांना आपण एवढं छळलं ते एक दिवस सूड घेणारच, ही धास्ती जपानी मनात आधीच होती. भूकंपानं तिला निमित्त दिलं, इतकंच.

एकदा संशय बसला की पुरावे आपोआप सापडतात. दूध टाकणाऱ्यांनी, पेपरवाल्यांनी, मैला उपसणाऱ्यांनी आपापल्या सोयीसाठी भिंतींवर खडूच्या खुणा केलेल्या असायच्या. कालपर्यंत त्या कुणाच्या नजरेतही भरल्या नव्हत्या. आता त्या ‘इथे आग लावा’, ‘इथे विष टाका’ अशा सांकेतिक खुणा ठरल्या.

तरीही एवढ्यावर कत्तल पसरत नाही. तिला शिक्का लागतो. ३ सप्टेंबरला फुनाबाशीच्या नौदल केंद्रावरून गृहखात्याचा बिनतारी संदेश देशभर गेला : कोरियन आगी लावताहेत, त्यांच्यावर कडक नजर ठेवा. गल्लीतली कुजबुज सरकारी झाली. बांबूचे भाले, तलवारी घेऊन नाक्यानाक्यावर ‘स्वसंरक्षण पथकं’ उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावायचं आणि उच्चार अडखळला की कोरियन ठरवून संपवायचं.

या चाचणीला भलतेच लोकही बळी पडले. शिकोकू बेटावरून आलेला औषधं विकणाऱ्या फेरीवाल्यांचा एक जथा फुकुदा गावाजवळ अडवला गेला. त्यांची बोली गावकऱ्यांना परकी वाटली. नऊ जण मारले गेले, त्यांत लहान मुलंही होती. हे सगळे जपानीच होते. शिवाय बुराकुमिन, म्हणजे तिथल्या अस्पृश्य मानलेल्या समाजातले.

त्सुरुमीचे पोलीस प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी मात्र सुमारे तीनशे कोरियनांना चौकीत आसरा दिला. ‘विषारी’ म्हणून जमावानं आणलेलं पाणी ते सगळ्यांदेखत प्यायले, असं सांगतात. कुणी एरवी शंभर खुलासे केले असते तरी जमाव हलला नसता. वर्दीतल्या माणसानं स्वतःचा जीव पणाला लावला, तेव्हा तो हलला. ज्या वर्दीनं अफवेला बळ दिलं, तिलाच ती थोपवताही येत होती. फार थोड्यांनी ते केलं.

मेलेल्या कोरियनांचा सरकारी आकडा अडीचशेच्या आत राहिला. विचारवंत योशिनो साकुझो यांची मोजणी २,६०० च्या पुढे गेली. काही अंदाज ६,००० च्याही पुढे जातात.

ही गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर २०१६ च्या कुमामोतो भूकंपानंतर ‘कोरियनांनी विहिरींत विष टाकलं’ हेच वाक्य ट्विटरवर पुन्हा फिरलं. तोक्योच्या गव्हर्नर युरिको कोइके २०१७ पासून या बळींच्या स्मृतिसभेला शोकसंदेश पाठवत नाहीत. २०२३ मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, सरकारी प्रवक्त्यानं सांगितलं की या हत्यांची नोंद सरकारदरबारी सापडत नाही. भूकंपातल्या एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के माणसं माणसांनीच मारली, असा अहवाल मात्र सरकारच्याच आपत्ती व्यवस्थापन परिषदेच्या समितीनं त्याच्या बरीच वर्षं आधीच देऊन ठेवला होता.